पेन्सिलीनं लिहिलेली यादी

॥ श्री ॥
रायपूर,
रविवार, ११ ऑगस्ट २००२

चि. कौमुदीस शेखरचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू विचारतेस की घरात फोन असताना मी पत्रं काहून लिहीत बसतो. एक तर फोनवर तू मले बोलू देत नाहीस. आणि दुसरं म्हणजे, फोन चांदीचा नसतो.

तुझी पोट्टी मजेत आहे. ज्ञानदा आमच्याकडे राहायला आली त्याला आता वर्ष होईल. इंदू म्हणते, घरात कोणीतरी बोलणारं आलं. म्हणजे लग्नापासून आतापर्यंत तिचा नवरा मुकाच होता. पोरीचं ऑफिस, म्हणजे आमच्या नव्या राज्याचं मंत्रालय, अजून जुन्या दवाखान्याच्या इमारतीतच आहे. जिथं खाटा होत्या तिथं आता फायली झोपतात, असं ती सांगते. मी तिच्याशी मराठीत बोलतो, ती मले हिंदीत उत्तर देते, आणि आमचं दोघांचं बरोबर चाललं आहे.

आता खरी बातमी. सदर बाजारातल्या माझ्या सोनाराचा निरोप आला होता की मोडीत काहीतरी आलं आहे, वितळवायच्या आधी बघून जा. गेलो. अभनपुरकडच्या एका मालगुजार जमीनदाराच्या घरची जुनी चांदी होती. तोडे, कुंकवाचा करंडा, आणि त्या ढिगात एक पेन्सिल. काय सांगू तुले. अख्खी चांदीची, करंगळीपेक्षा थोडी लांब, अंगावर जवाच्या दाण्यांची नक्षी, वरच्या टोकाला सिंहाचा बारीक शिक्का. डोकं फिरवलं की शिसं बाहेर येतं, उलटं फिरवलं की आत जातं. सत्तर-ऐंशी वर्षांची तरी असेल. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त होताना मी जुन्या शिशाची एक डबी आणली होती, त्यातलं शिसं तिला बरोबर बसलं. इंदूची मोडकी जोडवी आणि एक चेपलेली वाटी बदल्यात देऊन सोडवून आणली. जोडव्यांचं इंदूला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

हे पत्र तिनंच लिहून राहिलो आहे. आता माझ्या संग्रहात चांदीचे अकरा पेन आणि आठ पेन्सिली झाल्या. वस्तू वापरायची असते, तिचं लोणचं घालायचं नसतं, हा माझा नियम तुले ठाऊकच आहे.

ज्ञानदासाठी इथल्या मराठी मंडळात एक स्थळ कानावर आलं आहे. चौकशी करून लिहितो. लोभ आहेच, वाढवायला जागा उरली असेल तर वाढव.

तुझा दादा,
शेखर


॥ श्री ॥
अमरावती,
१९ ऑगस्ट २००२

ती. दादास कौमुदीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. आधी चष्मा लावून वाचलं, मग काढून वाचलं, मग खिडकीत नेऊन वाचलं. अकरा पेन बाळगणारा माणूस सख्ख्या बहिणीला पेन्सिलीनं पत्र लिहितो, हे तुझ्याच घरी चालतं. आणि हे पहिलंच नाही. संक्रांतीपासून तुझी जेवढी पत्रं आली तेवढी सगळी पेन्सिलीची आहेत. मी काढून पाहिली. पोस्टमन मले विचारत होता की नातवाचं पत्र आहे का.

मी चौथीत होते तेव्हा माझ्या वहीतलं शिशाचं लिहिणं पाहून तू डोक्यात टपली मारायचास, आणि म्हणायचास की शाईनं लिहायची हिंमत ठेव, चुकलं तर चुकलं. तेव्हाची टपली मी आता व्याजासकट परत पाठवते आहे, घे.

जोडव्यांचं वहिनीला सांगणार नाही. पण भाऊबीजेला तू काय देतोस त्यावर ते अवलंबून राहील.

स्थळाचं लवकर लिही रे. ज्ञानदाचे बाबा गेल्यापासून तिचं सगळं मी तुझ्या भरवशावर टाकलं आहे. माणसं कशी आहेत, मुलगा कसा आहे, पोरीचा चेहरा काय म्हणतो, सगळं लिही. वहिनीला नमस्कार. रागावू नकोस, आणि रागावलास तर शाईनं रागाव.

तुझी,
कौमुदी


॥ श्री ॥
रायपूर,
रविवार, ८ सप्टेंबर २००२

चि. कौमुदीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी टपली पोचली. पेन्सिलीचं कारण साधं आहे. पावसाळ्यात कागद ओलसर होतो आणि शाई पसरते. चांदीसुद्धा काळी पडते, म्हणून मी पेनांच्या खणात खडूचे तुकडे ठेवून दिले आहेत, ते ओल ओढून घेतात. एवढं करूनही इंदूनं गणपतीची भांडी घासता घासता माझे दोन पेन रांगोळीनं घासून ठेवले. चकाकतात मस्त. पण एकाच्या अंगावरचा सिंह पार पुसला. म्हणते, एवढा सिंह होता तर रांगोळीनं कसा पळाला. मी जोडव्यांचा विचार केला आणि गप्प बसलो.

आता स्थळाचं. मोहरील म्हणून घर आहे, मूळचे गोंदियाकडचे. बाबाराव मोहरील रेल्वेत गार्ड होते. घसा असा की त्यांना शिटीची गरज पडली नसावी. बायको गोदावरीबाई, कमी बोलतात, जास्त पाहतात. एकुलता एक मुलगा विराज, इथल्या उरला वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये इंजिनिअर. बघायच्या दिवशी शिफ्ट लांबली म्हणून तो मिलमधून बीरगांवमार्गे तसाच फटफटीवर आला. भुवयांवर धूळ, कॉलरवर धूळ. ज्ञानदाला हसू आवरेना. मले वाटलं, गेलं स्थळ. तर तोही हसायला लागला, म्हणाला की यह तो आधी है, आधी रास्ते में गिर गयी. त्यालाही मराठी सगळं कळतं आणि बोलतो मात्र हिंदी. जोडा जमेल असा आहे.

त्यानंतर दोन रविवार दोघं बुढातलावाकडे फिरून आले. पोरीचा चेहरा काय म्हणतो, असं तू विचारलंस. पोरगी भाजी निवडताना गाणं म्हणून राहिली आहे, आणि निवडलेली भाजी टाकून देठं शिजवायला देते. यावरून तूच समज.

मोहरीलांनी होकार कळवला आहे. पितृपक्ष संपला की दसऱ्यानंतर यादी करू म्हणतात. बाबारावांचा आग्रह आहे की यादी मीच लिहावी. मंडळाचा फळा मी वीस वर्षं लिहिला, ते अक्षर त्यांच्या लक्षात आहे. मी म्हटलं की ज्ञानदाचं अक्षरही चांगलं आहे, पण नवरीनं आपली यादी आपणच लिहायची म्हणजे काय, असं म्हणून सगळे हसले.

तू यादीच्या आधी चार दिवस ये. माया करतेसच, ती अशीच चालू दे.

तुझा दादा,
शेखर


॥ श्री ॥
अमरावती,
१० ऑक्टोबर २००२

ती. दादास शि. सा. न., वि. वि.

फोनवर सांगितलंच आहे, पण रडत सांगितलं म्हणून पुन्हा लिहिते. न्हाणीघरात पाय घसरला, घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. एकुलत्या एका पोरीची यादी आणि मी इथं पाटावर पाय ठेवून बसलेली. एवढा राग आला आहे की कोणावर काढू कळत नाही, म्हणून तुझ्यावर काढते.

वीस तारखेला माझ्या जागी तू आणि वहिनी बसा. यादी म्हणजे काय हे तुले शिकवायचं नाही, पण माझ्या जिवाला चैन पडावं म्हणून लिहिते. मानपानाला कोण, हार कोणाकडे, दोन्ही वेळचं जेवण कोणाकडे, वरात कुठून, सगळं दोन्ही पक्षांसमोर विचारून लिही. वाचून दाखव. मग दोघांच्या सह्या आणि कागदाला कुंकू. एकदा कुंकू लागलं की लग्न पक्कं, मग कोणी मागं-पुढं करायचं नाही. त्यासाठीच तर ती लिहायची.

बाबांच्या हाताखाली घोटलेलं तुझं अक्षर त्या लोकांच्या घरी राहणार आहे. चांगलं लिही. बाकी सगळं तुझ्यावर सोडलं. पाय सोडून माझं सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस आणि मलाही करू देऊ नकोस.

तुझी,
कौमुदी


॥ श्री ॥
रायपूर,
२१ ऑक्टोबर २००२

चि. कौमुदीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

यादी झाली. बारा कलमं झाली, एकाही कलमावर वाद नाही. फक्त मठ्ठा की ताक यावर बाबाराव आणि इंदू दहा मिनिटं बोलले आणि शेवटी दोघं एकच म्हणत होते असं निघालं.

यादी मी माझ्या संग्रहातल्या सगळ्यात मोलाच्या वस्तूनं लिहिली. मालगुजाराची चांदीची पेन्सिल. भाचीच्या यादीला साधा पेन कसा चालेल. बाबारावांनी कागद लांब धरून पाहिला आणि विचारलं की यावर मागून शाई फिरवणार का. मी त्यांना सिंहाचा शिक्का दाखवला. गोदावरीबाईंनी कुंकू लावलं. सह्या त्यांनी आपल्या खिशातल्या पेनानं केल्या. मग थोडे घाईनंच उठले, विराजला शिफ्ट असेल.

एकंदरीत छान झालं. ज्ञानदानं मोरपंखी साडी नेसली होती, तिच्या बाबांची आठवण आली. पायाला उशी घेत जा. आमच्यावर जीव आहे तसा राहू दे.

तुझा दादा,
शेखर


॥ श्री ॥
अमरावती,
२८ ऑक्टोबर २००२

ती. दादास सा. न., वि. वि.

शिरसाष्टांग आज लिहीत नाही, पायात प्लास्टर आहे आणि मनात राग आहे.

बाबारावांचं पत्र आलं. सभ्य माणूस, एक वाकडा शब्द नाही, म्हणून जास्त लागलं. लिहितात की, यादी पेन्सिलीनं लिहिलेली पाहून घरी सगळे विचारात पडले. पेन्सिलीनं माणूस ते लिहितो जे पुढं खोडायचं असतं. मुलीची आई आली नाही, आणि मामांनी असं लिहिलं, तेव्हा तुमच्या मनात दुसरं स्थळ असेल तर मोकळेपणानं कळवा, आम्ही वाईट मानणार नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत कार्यालय ठरवत नाही.

दादा, तुले काय झालं आहे? चार पोरांसमोर आपला छंद मिरवायचा तर मिरव, पण माझ्या पोरीच्या यादीवर? अकरा पेन त्या खणात खडूसोबत झोपले होते, एकाला उठवता आलं नाही? तुझ्या चांदीपायी माझ्या पोरीचं जमलेलं लग्न मोडलं तर मी तुझं तोंड पाहणार नाही, हे शाईनं लिहून ठेवते.

लगेच त्यांच्या घरी जा आणि नवी यादी लिहून दे. उत्तराची वाट पाहते.

कौमुदी


रायपूर,
१ नोव्हेंबर २००२

प्रिय आई,

तुझं पत्र मामानं तीन वेळा वाचलं आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. मामीनं विचारलं काय लिहिलंय, तर म्हणाला, कौमुदी बरोबर बोलून राहिली. बस्स. तेव्हापासून चुप आहे. म्हणून मी लिहितेय. मराठीत लिहितेय, गलती झाली तर समजून घे.

मामाने मना किया था, पण आता मला नाही राहवत. मामाचा उजवा हात थरथरतो. वर्ष झालं. कपबशी धरली की बशी वाजते, म्हणून तो आता ग्लासात चहा घेतो. पेन धरला की निब कागदात अडकते, शाई उडते. ड्रॉपरनं शाई भरायला गेला तर अर्धी चादरीवर. एक दिवस सगळे पेन धुऊन, पुसून त्यानं खणात ठेवून दिले आणि मग एकही नाही काढला. पेन्सिल चालते, कारण ती दाबून धरता येते. डाव्या हातानं उजवं मनगट पकडून लिहितो. तुला एक पत्र लिहायला त्याला दोन दिवस लागतात, आई. शुक्रवारी सुरू करतो. चुकलं की रबरानं खोडून परत लिहितो, म्हणून तुला अक्षर नीट दिसतं. तू पेन्सिलीवरून चिडवतेस ते आम्हाला वाचून दाखवतो, खूप हसतो, आणि मग संध्याकाळभर नाही बोलत.

यादीच्या दिवशी मी म्हटलं होतं की मामा, सांगून टाक ना. तो म्हणाला, लोक विचारतील की हे घराण्यात आहे का, आणि मग तुझं नाव येईल. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं त्याला सांगितलंय की जिवाला काही धोका नाही, बरंही होणार नाही, आणि कुछ घरों में चलता है. म्हणून मामानं सगळं स्वतःवर घेतलं. शौकीन म्हातारा म्हणून हसले तरी चालेल म्हणाला.

आणि मला विराज आवडतो. हे तुला सांगायचं राहिलं होतं. बहुत आवडतो. आता तू सांग काय करायचं.

तुझी,
ज्ञानदा


॥ श्री ॥
अमरावती,
५ नोव्हेंबर २००२, पाडवा

ती. दादास कौमुदीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

ज्ञानदानं सगळं कळवलं. तिला रागावू नकोस, मी एवढे दिवस जे रागावले ते पुष्कळ झालं. तुझी पत्रं पुन्हा काढली. आता रबरानं खोडलेल्या जागा दिसतात. एवढ्या जवळून पाहिली होती आणि एकही दिसली नव्हती. दादा, मले माफ कर. मी पोस्टमनचं ते खोटंच लिहिलं होतं, तो बिचारा काही बोलला नव्हता.

तरी तू एक नंबरचा लबाड आहेस. पावसाळ्यात शाई पसरते म्हणे. अमरावतीत काय पाऊस पडत नाही?

आता माझं ऐक. बाबा शेवटी शेवटी दोन्ही हातांनी पेला धरायचे, ते तुलेही आठवतं आणि मलाही. म्हणजे हे आपल्या घरात आहे. मोहरीलांना हे कळलं तर ते आधी तुझ्या हाताकडे पाहतील आणि मग माझ्या पोरीच्या हाताकडे. म्हणून तू त्यांना सांग की त्या दिवशी चष्मा फुटला होता, नीट दिसत नव्हतं, म्हणून पेन्सिल घेतली. साधी गोष्ट आहे, कोणालाही पटेल. नवी यादी वहिनीकडून लिहून घे. मी आई आहे, मले एवढं खोटं बोलायचा हक्क आहे.

उद्या भाऊबीज. इथूनच ओवाळते. हात सांभाळ.

तुझी,
कौमुदी


॥ श्री ॥
रायपूर,
११ नोव्हेंबर २००२

चि. कौमुदीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र शनिवारी आलं, काल आम्ही तिघं मोहरीलांकडे जाऊन आलो. तू म्हटलंस ते मी केलं नाही. आधी हे लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुले आशा राहणार नाही.

चष्मा घरी ठेवूनच गेलो होतो, म्हणजे खोटं बोलायची तयारी पुरी होती. सुरुवातही केली. बाबाराव म्हणाले की असं होतं, त्यांचाही एकदा फुटला होता. एवढ्यात गोदावरीबाईंनी चहा आणला, कपबशीत. मी घेतला नाही. त्यांनी पुन्हा पुढं केला. म्हटलं नको. त्या तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मामांना आमच्या घरचा चहासुद्धा चालत नाही का. मग मी कप घेतला. बशी वाजायला लागली, कौमुदी. चहा बशीत सांडला. इंदूनं माझ्या हातातून ती काढून घेतली.

मग मी सगळं सांगितलं. पेन का बंद झाले, पेन्सिल का धरली. चष्मा फुटला नाही हेही सांगितलं. गोदावरीबाईंनी विचारलं की हे घराण्यात आहे का. नाही म्हणायला एक शब्द लागला असता. मी ज्ञानदाकडे पाहिलं. येताना रिक्षात मी तिला विचारलं होतं की अशी वेळ आली तर काय करू. ती म्हणाली होती, सांग मामा, ते नाही म्हणाले तर मी आठ दिवस रडीन आणि नवव्या दिवशी ऑफिसला जाईन. म्हणून मी हो म्हटलं. आमच्या वडिलांना होतं, मले आहे, ज्ञानदाला होईल की नाही हे कोणी सांगू शकत नाही.

बाबारावांनी कप खाली ठेवला. गोदावरीबाई म्हणाल्या की आम्ही विचार करतो. विराज घरी नव्हता, शिफ्टवर होता. आम्ही उठलो.

पोरगी घरी येऊन भाजी निवडत बसली. गाणं नव्हतं. तुझ्या पोरीचं लग्न मी पेन्सिलीनं बिघडवलं होतं, आता तोंडानं मोडून आलो असेन. मले काय बोलायचं ते बोल. मी वाचीन.

तुझा दादा,
शेखर


॥ श्री ॥
अमरावती,
१५ नोव्हेंबर २००२

ती. दादास शि. सा. न., वि. वि.

पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारलं. दोन तास तुले मनातल्या मनात बोलून घेतलं. इथं लिहीत नाही, कागद पुरायचा नाही.

मग उजवा हात समोर धरून पाहिला. माझा थरथरत नाही. म्हणजे तुझ्या वाट्याला आलं आणि माझ्या नाही, आणि मी ते लपव म्हणून तुलेच सांगत होते. मले लाज वाटली, दादा. ते नाही म्हणाले तर पोरीला घेऊन इकडे ये. तूही आठ दिवस राहा. आपण तिघं मिळून रडू, तिला एकटीला नको.

तुझी,
कौमुदी


॥ श्री ॥
रायपूर,
१८ नोव्हेंबर २००२

चि. कौमुदीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र शाईनं आहे. डाग पडले आहेत तिथं अंदाजानं वाच. खोडता येत नाही, म्हणून चुकलेलंही तसंच राहू दिलं आहे.

लग्न ८ डिसेंबरला आहे. तोवर तुझं प्लास्टर निघतं. नाही निघालं तर पाटावर पाय ठेवून मांडवात बस, पण ये.

काल सकाळी न सांगता मोहरील तिघंही आले. बाबारावांच्या हातात आमची यादी पाहून मी समजलो की परत करायला आले आहेत. इंदू पाणी आणायला म्हणून आत गेली ती आलीच नाही. गोदावरीबाई बसल्या आणि म्हणाल्या की आम्हाला वाटलं होतं तुमच्या मनात दुसरं घर आहे. मुलीच्या आईचा पाय मोडला तो बहाणा, आणि पेन्सिल म्हणजे मागे फिरायला ठेवलेली वाट. तीन आठवडे त्यांना झोप नव्हती, कारण पोरगी त्यांना पहिल्या दिवसापासून आवडली होती. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या की तुम्ही एवढं खरं सांगितलं तर आम्हीही सांगतो, आमच्या माहेरी सगळ्यांना शुगर आहे, आईला होती, दोन्ही भावांना आहे, मलाही आहे, आणि आम्ही ते तुम्हाला बोललो नव्हतो. आणि बाबारावांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून ते एवढ्या मोठ्यानं बोलतात. बाबारावांनी यावर काहीच हरकत घेतली नाही, कारण त्या डावीकडून बोलत होत्या, ते त्यांना ऐकूच गेलं नसावं. तेवढ्यात इंदू पाणी घेऊन बाहेर आली आणि तिनं आमच्या घरचं सगळं सांगायला घेतलं. माझ्या मूळव्याधीपर्यंत पोचली तेव्हा मी तिला थांबवलं.

शेवटी गोदावरीबाई म्हणाल्या की मामांचा हात थरथरला तर चालेल, पण पेन्सिलीची यादी आमच्याकडे चालणार नाही. मी म्हटलं, इंदू लिहील. बाबाराव ऐकेनात. मामाची यादी मामानंच लिहायची.

खणातून सगळ्यात जाड निबेचा पेन काढला, चांदीची जाळी असलेला. शाई भरायला गेलो तर विराज उठला, त्यानं माझ्या हातातून ड्रॉपर घेतला आणि एक थेंब न सांडता भरून दिला. मी डाव्या हातानं मनगट धरलं आणि लिहायला बसलो. सव्वा तास लागला, कौमुदी. बारा कलमांना सव्वा तास. कोणी घड्याळ पाहिलं नाही. ज्ञानदा माझ्या शेजारी कागद दाबून बसली होती. अक्षर वाकडं आलं, तीन डाग पडले, मंडळाच्या फळ्यावर असं अक्षर गेलं असतं तर मी स्वतः पुसलं असतं. वाचून दाखवलं. सह्या झाल्या. गोदावरीबाईंनी कुंकू लावलं.

मी टोपण लावणार, एवढ्यात विराजनं पेन मागितला आणि माझ्या सहीच्या खाली तेरावं कलम लिहिलं. त्याचं मराठी अर्धं हिंदीच आहे, तसंच सांगतो. हर रविवारी सकाळी मामाजींच्या सगळ्या पेनात शाई भरून देणे. जिम्मेदारी वरपक्ष.

मी म्हटलं, यादीत असलं काही लिहीत नसतात, हे खोडा. गोदावरीबाईंनी बोट पुन्हा करंड्यात बुडवलं आणि त्या एका ओळीला वेगळं कुंकू लावलं. मी व्याह्यांसमोर रडलो. तुझ्यासाठी नक्कल करून सोबत पाठवतो आहे, पण त्या नकलेत हे एक कलम माझ्या अक्षरात उतरवायला मन झालं नाही, ते विराजच्याच अक्षरात हवं. ते तू आलीस की मूळ कागदावरच वाच.

तुझा दादा,
शेखर